इन्व्हर्टरच्या बॅटरीचा ग्राफ: घरच्या कॉम्प्युटरवर व्होल्टेज नोंदवताना

आजचा विषय आहे घरच्या कॉम्प्युटरवर व्होल्टेज नोंदवून त्याचा ग्राफ काढणं. पण सुरुवात एका घरगुती प्रश्नाने करू या.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे इन्व्हर्टर असेल. तीन-चार वर्षं तो निमूटपणे चालतो. मग एक दिवस लाईट जाते आणि पूर्वी चार तास फिरणारे पंखे दीड तासात थांबतात. दुरुस्तीला माणूस येतो, बॅटरीला मल्टिमीटर लावतो, १२.६ व्होल्ट दिसतात. म्हणतो, ‘बॅटरी ठीक आहे.’ दुसरा येतो, तोही तसंच बघतो आणि म्हणतो, ‘बदलून टाका.’ प्रश्न काही हजार रुपयांचा असतो आणि निर्णय होतो एका क्षणाच्या एका आकड्यावर.

खरं म्हणजे त्या आकड्यातून फारसं कळत नाही. चार्ज करून स्वस्थ ठेवलेली १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी साधारण १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. थकलेली बॅटरीही आराम मिळाला की पुष्कळदा तिथपर्यंत पोचते. तिचा थकवा दिसतो तो भार टाकल्यावर, आणि तोही वेळेबरोबर. किती पटकन उतरली, किती वेळ टिकली, भार काढल्यावर किती सावरली, हे सगळं बघायचं तर एक आकडा पुरत नाही, ग्राफ लागतो. दोन-तीन तास मल्टिमीटरसमोर वही घेऊन बसणं कोणाला जमणार? ते काम कॉम्प्युटरला द्यायचं. ते कसं द्यायचं आणि त्यात आपण फसतो कुठे, हे आज बघू.

कॉम्प्युटरला व्होल्टेज कळतं का?

आजच्या लॅपटॉपला यूएसबी आहे, वायफाय आहे, कॅमेरा आहे. पण बाहेरून एक वायर जोडून ‘इथे किती व्होल्ट आहेत सांग’ म्हणावं, अशी सोय त्याला नाही. गंमत अशी की पूर्वी ही सोय होती. १९८१ साली ब्रिटनमध्ये बीबीसी मायक्रो नावाचा घरगुती आणि शालेय कॉम्प्युटर आला. त्याच्या पाठीमागे ॲनालॉग व्होल्टेजसाठी वेगळं सॉकेट होतं, चार वायरींवरचं व्होल्टेज तो वाचू शकत असे. जॉयस्टिक त्यालाच लागायची आणि शाळेच्या प्रयोगशाळेत तापमान मोजणारे सेन्सरही त्यालाच. आपल्याकडे १९८४ मध्ये ‘क्लास’ या सरकारी प्रकल्पातून शाळांमध्ये जे कॉम्प्युटर गेले, ते हेच.

मग आजच्या लॅपटॉपचं माईकचं छिद्र वापरता येईल का? त्याच्यामागे ॲनालॉग व्होल्टेजचे आकडे करणारं सर्किट असतंच आणि ते चांगलंही असतं. सेकंदाला ४४,१०० वेळा मोजतं, १६ बिटांत, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांत. पण त्याच्या तोंडाशी एक कपॅसिटर बसवलेला असतो. तो आवाजासारखं हलतं व्होल्टेज आत सोडतो आणि बॅटरीसारखं स्थिर व्होल्टेज अडवतो. तिथे बॅटरी लावली तर काय दिसेल? क्षणभर एक टोक वर जाईल आणि रेघ पुन्हा शून्यावर येईल. शिवाय १२ व्होल्टने लॅपटॉपचं नुकसान होईल ते वेगळंच. तेव्हा ते छिद्र आवाजापुरतंच ठेवायचं.

आपल्या कामाला मधे एक छोटा बोर्ड लागतो. उदाहरणासाठी आम्ही आर्डुइनो उनो घेतो, कारण तो इलेक्ट्रॉनिक्सच्या बहुतेक दुकानांत मिळतो. तयार साधन हवं असेल तर दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरने विद्यार्थ्यांसाठी बनवलेलं ‘एक्सपआईज’ आहे. पण यातलं कुठलंही साधन घ्या, पुढचे प्रश्न तेच राहतात.

किती? आधी वाटणी, मग मोजणी

उनो ० ते ५ व्होल्ट वाचतो आणि त्याचे १०२४ भाग करतो. ५ भागिले १०२४ म्हणजे एक पायरी सुमारे ४.९ मिलिव्होल्टची. या दोन पायऱ्यांच्या मधलं त्याला काही दिसत नाही. जिन्यावर उभा असलेला माणूस तिसऱ्या किंवा चौथ्या पायरीवर असतो, साडेतीनाव्या पायरीवर कधीच नसतो, तसंच हे.

बॅटरी तर १२ व्होल्टची, आणि चार्ज होताना ती १४.४ च्या आसपास जाते. म्हणून आधी व्होल्टेज कमी करायचं. दोन रेझिस्टर एकापुढे एक जोडायचे, समजा ३० किलोओहम आणि १० किलोओहम, आणि १० च्या दोन टोकांवरचं व्होल्टेज मोजायचं. तिथे बॅटरीचा चौथा हिस्सा मिळतो. १५ व्होल्ट असले तरी ३.७५ च होतात, बोर्ड सुरक्षित राहतो.

इथे थांबून सुरक्षिततेचं बोलू, कारण वायर जोडल्यावर ते सांगून उपयोग नाही. पहिलं, घरातल्या २३० व्होल्टच्या जवळपासही ही मांडणी न्यायची नाही. दुसरं, काही स्वस्त यूपीएसमध्ये आतली बॅटरी मेन लाईनपासून पूर्णपणे वेगळी केलेली नसते. तिला हात लावला तरी झटका बसू शकतो. आपला इन्व्हर्टर वेगळा केलेला आहे याची तंत्रज्ञाकडून खात्री करून घ्या. खात्री नसेल तर हा प्रयोग सुट्या बॅटरीवर करा. तिसरं, प्रयोग चालू असेतो लॅपटॉपचा चार्जर काढून ठेवा. चौथं, मोठा रेझिस्टर आणि एक छोटा फ्यूज थेट बॅटरीच्या पॉझिटिव्हजवळ बसवा. ही बॅटरी शॉर्ट झाली तर शेकडो अँपिअर देऊ शकते. वायर तापून लाल व्हायला वेळ लागत नाही. रेझिस्टर बॅटरीपाशीच असला की पुढची वायर कुठेही चिकटली तरी तिच्यातून एक मिलिअँपिअरही जाणार नाही. आणि बॅटरीची खोली हवेशीर हवी, चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो.

कशाच्या तुलनेत? फूटपट्टीच लांब-आखूड झाली तर

जोडणी झाली. बोर्ड आकडा पाठवतो, आपण त्याला गुणून व्होल्ट काढतो. सगळं सोपं वाटतं. इथेच पहिली फसगत होते.

बोर्ड ‘किती व्होल्ट’ हे मोजतच नाही. तो सांगतो, ‘माझ्या स्वतःच्या ५ व्होल्टच्या तुलनेत हे किती.’ आणि ते ५ व्होल्ट त्याला यूएसबीतून मिळतात. केबल लांब आणि बारीक असेल, शेजारी आणखी काही जोडलं असेल, तर ५ चे ४.८ सहज होतात. बॅटरी १२.६ वरच आहे, जराही हललेली नाही. पण फूटपट्टी आखूड झाली, म्हणून मोजमाप वाढलं. १२.६ गुणिले ५ भागिले ४.८ केलं की येतात १३.१. ग्राफवर बॅटरी अर्ध्या व्होल्टने वर चढलेली दिसते. कोणी म्हणेल, चार्ज होतेय! प्रत्यक्षात कोणीतरी लॅपटॉपला मोबाईल लावलेला असतो.

उपाय सोपा आहे. उनोच्या चिपमध्ये १.१ व्होल्टचा एक अंतर्गत संदर्भ आहे, तो यूएसबीवर अवलंबून नाही. प्रोग्राममध्ये एका ओळीत तो निवडता येतो. मग वाटणी मात्र बदलावी लागते, १५० किलोओहम आणि १० किलोओहम, म्हणजे सोळावा हिस्सा. १५ व्होल्टचे ०.९४ होतात, १.१ च्या आत बसतात. एक पायरी बॅटरीच्या हिशेबात सुमारे १७ मिलिव्होल्टची पडते, आपल्याला ती पुरे.

पण हे १.१ सुद्धा नेमके १.१ नसतात. एका चिपमध्ये १.०५, दुसरीत १.१३ असं असू शकतं. ते स्थिर असतात, एवढीच त्यांची खात्री. म्हणून एकदा मल्टिमीटरशी जुळवून घ्यायचं. मल्टिमीटर १२.६४ दाखवतोय आणि बोर्ड ७३५ म्हणतोय, तर एका आकड्याला ०.०१७२ व्होल्ट. रेझिस्टरमधली थोडीफार तफावतही त्यातच भरून निघते. ही संख्या त्या बोर्डावर चिकटपट्टीवर लिहून ठेवा. कागदावर लिहिली की हरवते, हा अनुभव आहे.

किती वेळा? दहा सेकंदांची खोटी लाट

आता दुसरी फसगत, आणि आजच्या व्याख्यानाचा गाभा हाच आहे.

आम्ही पहिल्यांदा हे केलं तेव्हा विचार केला की बॅटरी हळूहळू उतरणारी गोष्ट, सेकंदाला एक वाचन भरपूर झालं. इन्व्हर्टर चालू केला, पंखे लावले. ग्राफ यायला लागला आणि आम्ही बघतच राहिलो. बॅटरी श्वास घेतल्यासारखी वर-खाली होत होती. दर दहा सेकंदांनी एक पूर्ण लाट, अगदी नियमित. आम्ही तर्क लढवले, एखादा सेल खराब असेल, आत रासायनिक काहीतरी चाललं असेल. बॅटरी बदलायचं जवळपास ठरलंच होतं.

त्या बॅटरीत तसली लाट नव्हतीच. मग ती आली कुठून?

इन्व्हर्टर बॅटरीतून एकसारखा प्रवाह ओढत नाही. त्याला ५० हर्ट्झचा एसी बनवायचा असतो. एसीच्या प्रत्येक अर्ध्या फेरीत तो एक घोट घेतो, म्हणजे सेकंदाला सुमारे १०० घोट. प्रत्येक घोटाला बॅटरीचं व्होल्टेज किंचित दबतं आणि पुन्हा वर येतं. ही लहर खरी आहे, पण ती सेकंदाला शंभरदा येते.

आता बघा. इन्व्हर्टर काही घड्याळ लावून नेमका ५० हर्ट्झवर चालत नाही. समजा तो ५०.०५ वर आहे. मग घोट होतात सेकंदाला १००.१. आपण सेकंदाला एकदा डोळे उघडून बघतो. दोन वाचनांच्या मधे लहरीच्या शंभर पूर्ण फेऱ्या होतात आणि वर एक दशांश फेरी. त्या शंभर फेऱ्या आपल्याला दिसतच नाहीत, उरलेला दशांश तेवढा दिसतो. पुढच्या सेकंदाला आणखी एक दशांश. दहा सेकंदांत एक पूर्ण फेरी. झाली आपली दहा सेकंदांची लाट तयार!

जुन्या सिनेमात पळणाऱ्या टांग्याची चाकं उलटी फिरताना तुम्ही पाहिली असतील. चाक सरळच फिरत असतं, पण कॅमेरा ठराविक अंतराने चित्र घेतो आणि दोन चित्रांमधलं फिरणं आपल्यापासून लपतं. आपला ग्राफ म्हणजे ते टांग्याचं चाक आहे.

याचा नियम अमेरिकेतल्या टेलिफोनच्या कामातून पुढे आला. हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये त्याचा पाया घातला आणि क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्ये तो पक्का मांडला. सिग्नलमध्ये जी सगळ्यात वेगवान लहर आहे, तिच्या दुपटीपेक्षा जास्त वेगाने नमुने घ्या. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, म्हणून ऑडिओ सीडीला ४४,१०० नमुने. इथे एक बारकावा लक्षात घ्या. प्रश्न ‘मला कुठली लहर हवी आहे’ असा नसतो, ‘सिग्नलमध्ये कुठली लहर आहे’ असा असतो. आपल्याला हळू उतार हवा होता, वेगवान लहर नको होती. पण नको म्हटल्याने ती जात नाही, वेष बदलून येते.

आणि एकदा ती अशी फाईलमध्ये शिरली की बाहेर काढता येत नाही. सेकंदाला एक अशा आकड्यांकडे बघून खरी दहा सेकंदांची लाट कोणती आणि १०० हर्ट्झची वेष पालटलेली कोणती, हे कुठलंही सॉफ्टवेअर सांगू शकणार नाही. दोघींचे आकडे तंतोतंत सारखेच असतात. म्हणून तिला दारातच अडवायचं.

अडवायचे दोन मार्ग आहेत, आम्ही दोन्ही वापरतो. एक, १० किलोओहमच्या रेझिस्टरला समांतर १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावायचा, त्याचं निगेटिव्ह टोक ग्राउंडकडे ठेवून. वाटणीच्या रेझिस्टरांबरोबर मिळून तो १०० हर्ट्झची लहर सुमारे साठाव्या हिश्श्यावर आणतो, हळू उताराला मात्र हात लावत नाही. दोन, बोर्डाला प्रत्येक सेकंदाला एकच वाचन घेऊ द्यायचं नाही. २०० मिलिसेकंद सलग, जितकी होतील तितकी वाचनं घेऊन त्यांची सरासरी पाठवायची. २०० मिलिसेकंदांत त्या लहरीच्या वीस पूर्ण फेऱ्या बसतात, वरचा भाग आणि खालचा भाग एकमेकांना खोडून काढतात. फक्त बेरीज मोठ्या चलात ठेवा. उनोमध्ये साधा पूर्णांक ३२,७६७ पर्यंतच जातो आणि आपली बेरीज लाखोंत जाते. हे विसरलात तर ऋण व्होल्टेजची बॅटरी बघायला मिळेल!

एवढं केलं आणि दहा सेकंदांची लाट गेली. बॅटरी वाचली.

ग्राफ काढताना

बोर्ड दर सेकंदाला एक ओळ पाठवतो, वेळ आणि आकडा. कॉम्प्युटरवर ती साध्या मजकुराच्या सीएसव्ही फाईलमध्ये साठवायची. दिवसभराच्या ८६,४०० ओळी होतात, त्या दोन-अडीच एमबीत मावतात. आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमधला प्लॉटर छान दिसतो, पण तो काही जपून ठेवत नाही. साठवायला पायथनच्या दहा-पंधरा ओळी किंवा सीरियल पोर्ट वाचणारं कुठलंही टर्मिनल चालेल. मग ती फाईल लिबरऑफिस कॅल्कमध्ये उघडली की ग्राफ.

तीन गोष्टी सांभाळा. लॅपटॉपची झोप बंद करा. तो झोपला की नोंद थांबते, आणि ग्राफ काढणारं सॉफ्टवेअर मधल्या रिकाम्या जागेवर सरळ रेघ ओढून मोकळं होतं. जिथे काही मोजलंच नाही तिथे बॅटरी स्थिर होती असं वाटतं. म्हणून आधी नुसते ठिपके काढून बघा. दुसरं, उभा अक्ष स्वतः ठरवा, समजा १० ते १५ व्होल्ट. सॉफ्टवेअरवर सोडलं तर एका पायरीची थरथरसुद्धा सह्याद्री होऊन बसते. तिसरं, मूळ आकडे जपा, गुणाकार नंतर करा. जुळवणी चुकली तर पुन्हा करता येते.

ग्राफ काय सांगतो?

इन्व्हर्टरचा मेनचा स्विच बंद करायचा आणि ठरलेला भार टाकायचा. समजा ७५ वॉटचे दोन पंखे आणि २० वॉटच्या दोन ट्यूब, एकूण १९० वॉट. इन्व्हर्टरचं स्वतःचं खाणं धरलं तर बॅटरीतून २० अँपिअरच्या आसपास प्रवाह जाईल. भार टाकताक्षणी ग्राफ एक पायरी खाली येतो. १२.५ वरून १२.२ वर आला, तर ०.३ भागिले २०, म्हणजे ०.०१५ ओहम. हा बॅटरीचा आणि जोडण्यांचा मिळून अंतर्गत रोध. सहा महिन्यांनी हाच आकडा दुप्पट झाला तर आधी टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा क्षार साफ करा आणि पुन्हा मोजा. तरीही तसाच राहिला तर बॅटरी थकत चालली आहे.

मग येतो लांब, मंद उतार, आणि शेवटी रेघ एकदम खाली वळते. तिथपर्यंत प्रत्येक वेळी जाऊ नका, पूर्ण उतरवल्याने लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य घटतं. ११.५ सारखा एक आकडा ठरवा आणि तिथे यायला किती मिनिटं लागली ते लिहा. १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीने २० अँपिअरला साडेसात तास द्यावेत असा हिशेब मात्र करू नका. तो १५० चा आकडा सहसा वीस तासांत सावकाश उतरवण्याचा असतो, जास्त प्रवाहाला कमीच मिळतं. तुलना करायची ती त्याच बॅटरीच्या, त्याच भाराच्या मागच्या ग्राफशी.

शेवटी एका श्रोत्यांनी चांगला प्रश्न विचारला: ‘मला ती १०० हर्ट्झची लहरच बघायची असेल तर?’ तर कपॅसिटर काढायचा, सरासरी बंद करायची आणि सेकंदाला दोन-तीन हजार वाचनं घ्यायची. ती बोर्डातच साठवून मग पाठवायची. बोर्डाची स्मृती छोटी आहे, त्यामुळे एका वेळी काही शेच मावतील, पण दहा-पंधरा लहरी दिसायला तेवढी पुरतात. म्हणजे बघा, बॅटरी तीच, वायर तीच, बोर्ड तोच. प्रश्न बदलला की मांडणी बदलली.

म्हणून वायर जोडण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहा. किती मोठं व्होल्टेज आणि किती बारीक पायरी? कशाच्या तुलनेत? किती वेळा, आणि त्याहून वेगवान जे आहे ते कुठे अडवणार? ही उत्तरं नसतील तरीही कॉम्प्युटर ग्राफ काढेलच, तो कधी नाही म्हणत नाही. आणि तो ग्राफ दुरुस्तीवाल्याच्या १२.६ इतकाच फसवा असेल, फक्त दिसायला जास्त देखणा.

या उन्हाळ्यात, लाईट जायला लागायच्या आधी, एकदा आपल्या बॅटरीचा ग्राफ काढून ठेवा. आज तो बघून फार काही कळणार नाही. पुढच्या वर्षी त्याच्या शेजारी दुसरा ठेवाल तेव्हा कळेल.